मागच्या सीटवर

कोणी पत्ता विचारला की मी कित्येक वर्षं ‘शीव’ एवढंच सांगायचो. पुढचा ‘कोळीवाडा’ गिळून टाकायचो. आमच्या स्टेशनाचं जुनं नाव कोळीवाडा. ते बदलून गुरू तेग बहादूर नगर झालं, हे मला फार सोयीचं वाटायचं. लिहायची वेळ आली की ‘जीटीबी नगर’ लिहून मोकळा. हॉटेलात बसून ‘प्रॉन्स कोळीवाडा’ मागवताना मात्र हाच शब्द मी ऐटीत उच्चारायचो. बशीत चालायचा, पत्त्यात चालायचा नाही.

शीव म्हणजे वेस, हद्द. जुनं मुंबई बेट इथे संपायचं, म्हणून हे नाव. उपनगरातल्या रिक्षा आजही इथपर्यंतच येतात. अशीच एक शीव मी माझ्या मनातही आखून घेतली होती. अलीकडे आम्ही, पलीकडे ते. ‘आम्ही’ म्हणजे गिरगावच्या चाळीतून इथे राहायला आलेले, बँकेत नोकरी केलेले, डिसेंबरात रजा टाकून पुण्याला ‘सवाई गंधर्व’ ऐकायला जाणारे. आणि ‘ते’? त्यांची व्याख्या मी एका आवाजावरून केली होती. गाडी जवळ यायच्या आधी तिचा धाड धाड ठोका येतो, खिडकीची तावदानं थरथरतात, मग गाडी दिसते. त्या गाडीत बसलेले ते. हळदीला डीजे लावणारे ते. डिकीत भलामोठा खोका ठेवून त्याला निळा दिवा लावणारे ते.

गाडीत साउंड सिस्टिम बसवणारा माणूस उथळच असणार, अशी माझी खात्री होती. मत असतं तर कोणी बदलायला सांगितलं असतं. खात्री असल्यामुळे ते कोणाच्या लक्षातच आलं नाही, माझ्याही नाही.

माझी गाडी प्रीमियर पद्मिनी. १९९६ ची, मी १९९८ मध्ये एका सहकाऱ्याकडून घेतली. ज्या कारखान्यात ही गाडी बनली तो कुर्ल्याला, आमच्या स्टेशनावरून गाडीत बसलं की चुनाभट्टीनंतरचं स्टेशन. १९६४ पासून तिथे फियाट ११०० डिलाइट निघायची, तिचीच पुढे पद्मिनी झाली. म्हणजे माझी गाडी अगदी शेजारच्या गावची लेक. १०८९ सीसीचं इंजिन, जाड पत्रा, एसी नाही. खिडक्या उघड्या ठेवूनच चालवायची.

गाडी घेतली त्याच आठवड्यात मी डॅशखाली पट्टी मारून एक कॅसेटचा टेप लटकवला आणि मागच्या काचेखालच्या फळीत सहा बाय नऊ इंची दोन अंडाकृती स्पीकर बसवून घेतले. त्या काळी सगळे तसेच बसवायचे. टॅक्सीवालेही. २००९ मध्ये कॅसेटी मिळेनाशा झाल्या, तेव्हा एका दुकानातून पेनड्राइव्ह घेणारा डेक बसवून घेतला. स्पीकर तेच ठेवले. त्या डेकवरची माझी सेटिंग सांगतो, कारण माझा सगळा स्वभाव तिच्यात आहे. ट्रेबल पूर्ण, बेस शून्य. बेस म्हणजे त्यांचं. आपल्याकडे तो नको. आवाज मात्र मी बराच वर ठेवायचो, कारण उघड्या खिडक्यांतून येणारा रस्त्याचा गोंगाट भीमसेन जोशींना गिळून टाकायचा आणि ते मला सहन व्हायचं नाही.

रविवारी सकाळी साडेसहाला मी गाडी काढायचो. चोक ओढून इंजिन गरम होईपर्यंत पाचेक मिनिटं गल्लीतच उभा. तेवढ्यात डेक चालू. सकाळच्या वेळी तोडी किंवा अभंग. मला वाटायचं, गल्लीचा दिवस जरा चांगला सुरू होतोय.

आता पोलिसांत दिलेल्या एका अर्जाबद्दल. २०१८ मध्ये नारळी पौर्णिमेच्या आसपास तीन रात्री लागोपाठ गल्लीच्या तोंडाशी साउंड वाजला. तिसऱ्या दिवशी मी अर्ज लिहिला. अर्ज लिहिण्यात माझा हातखंडा आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २०००. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. रुग्णालयाभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र. शीवचं रुग्णालय आमच्यापासून शंभर मीटरवर नाही, हे मला माहीत होतं, तरी ते वाक्य मी घातलं, कारण अर्जाला वजन येतं. बिल्डिंगमध्ये फिरून अकरा सह्या घेतल्या. पहिली माझी. आणि शेवटी, कोणी मागितलेलं नसताना, एक वाक्य जोडलं: ‘या उपद्रवी तरुणांना कामधंदा नसल्याने असे प्रकार होतात.’

कायदा मला आजही मान्य आहे. रात्री दहानंतर साउंड वाजू नये, असं मी आजही म्हणेन. पण ते शेवटचं वाक्य कायद्यात नव्हतं. ते माझं होतं. त्या तरुणांतल्या एकाचंही नाव मला माहीत नव्हतं. ते काय करतात हे तर नाहीच नाही.

ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादेमुळे रस्त्यावरून गेली. वर्तमानपत्रांत फोटो आले, लोक हळहळले. खासगी गाडीची पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून नोंदणी वाढवून घेता येते, त्यामुळे माझी गाडी शाबूत होती. मला एकदम तिची काळजी घ्यावीशी वाटू लागली. पण काळजी सुरू होण्याआधी तिनेच इशारा दिला. जानेवारीत राणी लक्ष्मी चौकातल्या सिग्नलला डॅशखालून धूर आला. जळक्या वायरचा वास. मी उतरून बॉनेट उघडलं, बॅटरीचं टर्मिनल कसंबसं सैल केलं आणि रस्त्याच्या कडेला घाम पुसत उभा राहिलो.

मेकॅनिकने वाकून पाहिलं आणि शिवी हासडली. २००९ मध्ये डेक बसवणाऱ्याने बॅटरीची वायर मध्ये फ्यूज न घालता थेट आणली होती. वायर पत्र्याच्या धारेवर घासून घासून उघडी पडली होती. “साहेब, गाडी पेटली नाही हे नशीब. वायरिंगचं काम माझं नाही. कोळीवाड्यात एक पोरगा आहे, त्याच्याकडे न्या.”

कोणता पोरगा ते मला नीट कळलं. गल्लीच्या तोंडाशी पत्र्याच्या शेडमध्ये ज्याचे खोके रचलेले असायचे, तोच. मी सरळ कुर्ल्याच्या सीएसटी रोडला गेलो, तिथे गाड्यांच्या सामानाची रांगच्या रांग आहे. पहिल्या दुकानात मला मोठी टचस्क्रीन, डिकीत बारा इंची वूफर आणि निळ्या लाइटची पट्टी सुचवण्यात आली. दुसऱ्या दुकानात तेच, लाइट लाल. माझी खात्री आणखी पक्की झाली. मग आठवडाभर गाडी उभी राहिली, आणि शेवटी घरच्या कटकटीला कंटाळून मी शेडकडे गेलो.

पोरगा पंचविशीतला. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिकल केलेला. हातात सोल्डरिंगची बंदूक, कानात भिकबाळी. मी म्हटलं, फक्त वायरिंग नीट कर, बाकी काही नको. त्याने दार उघडलं, डॅशखाली डोकं घातलं, बराच वेळ काही बोलला नाही. मग बाहेर येऊन विचारलं, “काका, पहिलं सांगा, ऐकता काय?”

हा प्रश्न मला सीएसटी रोडवर कोणीच विचारला नव्हता. तिथे ‘बजेट किती’ असं विचारलं होतं.

मी जरा ताठून सांगितलं, शास्त्रीय. भीमसेन जोशी. तो हसेल, ही अपेक्षा होती. हसल्यावर काय बोलायचं तेही तयार होतं. तो हसला नाही. “माहीत नाय मला जास्त. पेनड्राइव्ह द्या.” त्याने तो लॅपटॉपला लावला, मोठे हेडफोन कानांवर चढवले आणि डोळे मिटून दोनेक मिनिटं ऐकत राहिला. मग गाडीतला डेक तात्पुरत्या वायरवर चालू केला आणि तीच जागा पुन्हा ऐकली.

“ह्यांच्या मागं काहीतरी घुमतंय. हेडफोनमध्ये आहे, तुमच्या गाडीत नाय. ते कुठे गेलं?”

मला क्षणभर कळेचना. मग कळलं आणि कानांच्या पाळ्या गरम झाल्या. तो तंबोऱ्याबद्दल बोलत होता. ज्याला कामधंदा नाही असं मी सहीनिशी लिहून दिलं होतं, त्याला दोन मिनिटांत तंबोरा हरवलेला कळला. मी पंचवीस वर्षं तोच गाणारा त्याच गाडीत ऐकत होतो. मला कळला नव्हता. तारांचा झणकार तेवढा यायचा, घुमारा यायचा नाही, आणि घुमारा नाही याची मला सवय झाली होती.

त्याने मागची फळी उघडून दोन्ही स्पीकर बाहेर काढले आणि खिशातून साधा पेन्सिल सेल काढला. सेलच्या दोन टोकांना वायर लावून स्पीकरला टेकवली. एका स्पीकरचा कागदी पडदा ‘टक्’ करून बाहेर आला. दुसऱ्याचा आत गेला. “उलटी जोडलीय. एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो. दोघं मिळून खालचा आवाज खाऊन टाकतात.” २००९ पासून असंच. चौदा वर्षं माझ्या गाडीतले दोन स्पीकर एकमेकांविरुद्ध गात होते, आणि मी शेजाऱ्यांच्या आवाजावर अर्ज लिहीत होतो.

इथवर माझा अभिमान दुखावला होता, एवढंच. मन बदललं नव्हतं. ते पुढच्या पाच मिनिटांत बदललं. तेवढ्यासाठीच तर हे लिहायला बसलो आहे.

त्याने स्पीकर तसेच पुन्हा फळीत ठेवले. म्हणाला, “काका, तुम्ही नेहमी जेवढा लावता तेवढा आवाज लावा.” मी चालकाच्या सीटवर बसून डेक वळवला, खिडक्या उघड्या, हात नेहमीच्या आकड्यावर गेला. अठ्ठावीस. मला तो ठीक वाटला, जरा कमीच.

“आता मागं बसा.”

“मागे कशाला?”

“बसून तर बघा.”

मी उतरलो आणि मागचं दार उघडून डाव्या बाजूला बसलो. बसता बसता लक्षात आलं की मी या जागेवर आजवर कधीच बसलेलो नाही. सव्वीस वर्षं गाडी माझी, चालवणारा मी. पुढची उजवी सीट सोडली तर ही गाडी मला ठाऊकच नव्हती.

स्पीकर माझ्या कानामागे वीतभर अंतरावर होता. आवाज असा घुसला की मी मान खांद्यात ओढून घेतली. मागच्या काचेवर आपटून तो पुन्हा अंगावर येत होता. ट्रेबल पूर्ण. ज्या तानेवर मी पुढे बसून मान डोलवायचो ती तान इथे पत्र्यावर खिळा ओढल्यासारखी लागत होती. पोराने फोनवरचा मीटर माझ्यासमोर धरला. फोनच्या मीटरवर किती विसंबायचं ते मला माहीत नाही, पण आकडा नव्वदच्या वर होता. मी काही ठरवून केलं नाही. माझा डावा हात आपोआप वर आला आणि कानावर गेला.

आणि त्या हातासरशी मला आई दिसली.

आई कायम इथे बसायची. डाव्या खिडकीशी. महिन्यातून एकदा मी तिला गिरगावात मावशीकडे न्यायचो, दोनेक महिन्यांतून पुण्याला. गाडी सुरू झाली की ती पदर डोक्यावरून घेऊन कानाशी घट्ट धरायची, आणि पोहोचेपर्यंत तो हात तसाच. आरशात मला दिसायची. मी विचारायचो, “आई, वारा लागतोय का?” ती म्हणायची, “हो रे, वारा.” मी म्हणायचो, काच वर कर. ती करायची. काच वर झाली तरी पदर कानावरच.

काच बंद झाल्यावर कुठला वारा लागतो, हा प्रश्न मला सतरा वर्षांत पडला नाही.

एकदा, फक्त एकदा ती म्हणाली होती, “जरा हळू लाव रे.” मी पुढून, मागे न बघता, उत्तर दिलं होतं: “अगं, हे काही पोरांचं गाणं नाही. भीमसेन आहेत.” तिने पुन्हा कधी सांगितलं नाही. २०१५ मध्ये ती गेली. तिची तक्रार लेखी नव्हती. तिच्याकडे अकरा सह्या नव्हत्या.

मी मागच्या सीटवर किती वेळ बसलो होतो कोण जाणे. पोराने पुढून हात घालून डेक बंद केला. त्याला वाटलं असावं, काकांना चक्कर आली. “पाणी आणू?” मी मान हलवली. मी काय सांगणार होतो त्याला? दुसऱ्याच्या आवाजाचे डेसिबल पाठ असलेला माणूस स्वतःच्या आईच्या कानामागे स्पीकर ठेवून सतरा वर्षं गाडी हाकत होता, आणि त्या प्रकाराला संगीत म्हणत होता.

स्वतःला कमी दोष देण्याच्या वाटा मी त्या रात्री शोधल्या. तेव्हा सगळेच मागे स्पीकर लावत. तिचं वय झालं होतं. तिनेच सांगायला हवं होतं. तिन्ही वाटा थोडं चालून मिटल्या. तिने सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं, कारण मी चांगलं काही ऐकत होतो. चांगलं ऐकतो म्हणजे आपण चांगले आहोत, असा माझा हिशोब होता. सगळी चूक त्या हिशोबात आहे.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये जाऊन म्हटलं, तुला योग्य वाटेल ते कर. डिकीत खोका मात्र नको. तो म्हणाला, “खोका कशाला? तुम्हाला तो सूट नाय होणार.”

मग चार दिवस मी रोज तिथे जाऊन स्टुलावर बसायचो. मला समजायला लागलं की ही कला आहे, आणि तिचा बराचसा भाग आवाज वाढवण्याचा नाहीच. पहिला दीड दिवस तर काही वाजलंच नाही. बॅटरीजवळ फ्यूज. नवी जाड वायर. जमिनीची जोडणी, म्हणजे अर्थिंग, पत्र्यावरचा रंग खरवडून थेट लोखंडावर; ती कच्ची राहिली तर अल्टरनेटरची शीळ स्पीकरमधून येते आणि ॲक्सिलरेटर दाबला की चढत जाते. बॅटरीची वायर गाडीच्या एका अंगाने, आवाजाची दुसऱ्या अंगाने, दोघींची गाठ पडू द्यायची नाही.

मग त्याने पुढच्या दारांची पॅनलं उतरवली. आतल्या पत्र्याला बोटाने टिचकी मारली. डबा वाजावा तसं वाजलं. त्यावर डांबरासारखी जड, चिकट, वरून चांदीच्या कागदाची शीट दाबून दाबून बसवली, मोकळी भोकं बुजवली. पुन्हा टिचकी मारली. आता लाकडासारखं वाजलं. स्पीकरचा पडदा पुढे ढकलतो तेवढीच हवा मागेही ढकलतो, आणि मागचा आवाज भोकांतून पुढे आला की दोन्ही एकमेकांना मारतात, हे त्याने मला हातवारे करून समजावलं. माझी मूळ पॅनलं कापायला तो तयार नव्हता. “ही आता मिळत नाय, काका.” त्याने प्लायची वेगळी पॅनलं बनवून त्यावर रेक्झिन चढवलं आणि जुनी चादरीत गुंडाळून मला माळ्यावर ठेवायला दिली. जुन्या वस्तूची कदर हीदेखील माझ्या समजुतीप्रमाणे ‘आमच्याकडची’ गोष्ट होती.

ॲम्प्लिफायरवरून मात्र मी अडलो. ॲम्प म्हणजे आवाज वाढवायचं यंत्र, मला तर कमी करायचाय. तो म्हणाला, डेकवर पन्नास वॅट छापलंय ते जाहिरातीचं. खरा दम पंधरा-वीसचा. जास्त मागितलं की आवाजाच्या लाटेचा शेंडा कापला जातो आणि कानाला टोचतं. “पातेलं मोठं घेतलं की दूध उतू जात नाय, काका. मोठं घेतलं म्हणजे काठोकाठ भरायचं असं थोडीच आहे?” हे वाक्य मी बँकेत असताना कोणी सांगितलं असतं तर वहीत लिहून ठेवलं असतं.

शेवटी वूफर. हो, वूफर. पुढच्या सीटखाली बसणारा आठ इंची चपटा डबा. तो बघून मी गप्प बसलो. त्याने माझं तोंड वाचलं. पेनड्राइव्ह लावला, आवाज बोलण्याइतका ठेवला आणि वूफर एकदा बंद करून, एकदा चालू करून दाखवला.

चालू केला तेव्हा धाड झालं नाही. गाण्याच्या खाली कोणीतरी जमीन अंथरली. गाणारा आता हवेत लटकत नव्हता, बैठकीवर बसला होता. खर्जाची तार.

गणित साधं आहे, आणि ते मला आधी सुचायला हवं होतं. पुरुष गायकाने काळी एक घेतली तर तंबोऱ्याची खर्जाची तार ७० हर्ट्झच्या आसपास बोलते. डीजेचा जो ठोका माझी तावदानं हलवतो तोही साधारण तिथेच, ५० ते ८० च्या दरम्यान. तीच हवा, तोच थरथराट. आमच्या दिवाणखान्यात त्याला खर्ज म्हणायचं आणि डोळे मिटायचे. त्यांच्या गाडीत त्याला बेस म्हणायचं आणि अर्ज लिहायचा. म्हणून तर मी माझ्याच डेकवर बेस शून्य करून ठेवला होता. त्यांच्याशी साम्य नको म्हणून मी स्वतःचा तंबोरा कापला होता.

सामान, मजुरी मिळून साडेअठरा हजार झाले. मी पाकीट काढलं, पैसे मोजले, आणि मोजता मोजता म्हटलं, “२०१८ मध्ये एक अर्ज दिला होता पोलिसांत. साउंडबद्दल.”

“माहीत आहे ना. पहिली सही तुमचीच होती.” तो सोल्डरिंगची बंदूक पुसत होता. “साउंड माझाच होता. तेव्हा चुकलंच आमचं, तिसऱ्या दिवशी बारा वाजले होते. पण ते कामधंद्याचं नको होतं लिहायला, काका. मी तेव्हा दिवसा आयटीआय आणि रात्री काम, दोन्ही करायचो.”

म्हणजे गाडी शेडमध्ये आली त्या पहिल्या क्षणापासून त्याला माहीत होतं. आणि तरी त्याने रंग खरवडून लोखंडापर्यंत अर्थिंग केलं होतं, जे कोणालाही दिसणार नव्हतं. मी माफी मागितली. नीट जमली नाही; ‘तसं म्हणायचं नव्हतं’ वगैरे काहीतरी बोलून गेलो, जे खोटं होतं. मला तसंच म्हणायचं होतं. म्हणून ती माफी आता इथे पुन्हा मागतो आहे.

आता स्पीकर पुढच्या दारांत आहेत, गुडघ्यापाशी. मागची फळी रिकामी. खिडक्या उघड्या असल्या तरी डेक बारा-तेराच्या वर न्यावा लागत नाही. बेस शून्यावर नाही. मधूनमधून बायकोला, ती गाडी छान चालवते, चालवायला देतो आणि मी मागे डावीकडे बसतो. तिथून सगळं ऐकू येतं आणि टोचत काही नाही. कान मोकळे ठेवून बसता येतं. हे सिद्ध करून दाखवायला आता उशीर झाला आहे, हेही तिथेच बसून कळतं.

मी बदललो असं जाहीर करण्याची घाई मला नाही. परवाच एक गाडी निळा दिवा लावून धाड धाड करत गेली आणि माझ्या तोंडून तो जुना ‘च्’ निघालाच. फक्त आता त्या ‘च्’नंतर आत कोण बसलंय, असा एक प्रश्न येतो. पूर्वी यायचा नाही, उत्तर आधीच तयार असायचं.

शेवटी एकच सांगायचं राहिलं. गाडी परत आल्यानंतर तिसऱ्या की चौथ्या रविवारी, नेहमीप्रमाणे चोक ओढून, गाडी गरम करून, फेरी मारून मी परतलो. खाली मासळीची पाटी घेऊन मावशी बसल्या होत्या. अठ्ठावीस-तीस वर्षं आम्ही त्यांच्याकडूनच बोंबील घेतो. मला पाहून त्यांनी काळजीने विचारलं,

“काका, गारी इकली काय? आवाज नाय येत हल्ली.”

इंजिनाचा आवाज तोच होता. चोकची घरघर तीच, सायलेन्सरचा खोकला तोच. मी गाडीकडे बोट दाखवलं. त्यांनी वळून पाहिलं, “हां, हाय की,” म्हणाल्या, आणि पुन्हा बोंबील निवडू लागल्या.

सकाळी सहानंतर कायद्याने दिवस सुरू होतो. दिवसाला ५५ ची मर्यादा. तो आकडा अर्जात मीच लिहिला होता. सव्वीस वर्षांत माझ्या नावाने एकही अर्ज आला नाही.